पुडी, टवाळी आणि मुकी पोरे
(परभणी जिल्ह्यातील एका गावी पालकांच्या सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



हातची कामे टाकून आपण जमलात, सबब आम्ही मास्तर मंडळी लांबण लावीत नाही. आपल्या मुलांमागे तीन पिडा लागल्या आहेत : तंबाखू-गुटखा, सोबत्यांकडून होणारा छळ आणि मनाची उदासी. तिन्ही निरनिराळ्या दिसतात, पण एकाच दावणीच्या आहेत. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठकडील माणसे ऊसतोडीस जातात. पोर आजीजवळ राहते. फाटक्या सदऱ्यावरून, जातीवरून, बापाच्या धंद्यावरून त्यास कोणी हिणवितो. सांगावे तर घरी कोण? मग थोर पोरे पुडी पुढे करतात. पुडी खाल्ली की टोळीत जागा मिळते, आणि पुढे शाळा सुटते.

२०१९ साली देशभर १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. तीत शेकडा साडेआठ मुले तंबाखू वापरणारी आढळली. तोंडात तंबाखू धरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी दहा वर्षांच्या आतच सुरुवात केली होती. मग नववीत व्याख्यान देऊन काय साधणार? पेरणी उलटल्यावर बी टाकण्यासारखेच ते!

कायदा नाही असे नव्हे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, व अठरा वर्षांखालील मुलास कोठेच विकता येत नाही. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यास बंदी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलास दारू वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तरी पुडी मिळतेच, कारण विचारणारा कोणी नाही.

१८८० साली पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी लोकांस नुसता उपदेश केला नाही. म्युनिसिपालिटीस पत्र लिहून हरकत घेतली. तोच मार्ग आपला.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणहिश्श्याने पालक असतात, व निम्म्या जागा बायांच्या असतात. ती समिती सही-अंगठ्यापुरती ठेवू नका. सभेत विचारा : शाळेजवळ पुडी कोण विकतो? कोणत्या मुलास कोण छळतो, व मास्तरांनी काय केले? कोणते पोर आठ दिवस आले नाही, व त्याच्या घरी कोण गेले? मास्तरच मुलास मारीत असेल वा टाकून बोलत असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तेही मना आहे. आमच्या धंद्याची भीड धरू नका.

घरीही दोन गोष्टी पाळा. विडी-तंबाखू आणावयास पोरास दुकानी धाडू नका. ती वाट आपणच त्यास दाखवितो. आणि पोर मुके झाले, जेवेना, झोपेना, तर "सोंग करतो" म्हणून हाणू नका. अंगाऱ्यावर विसंबूही नका. जवळ बसवून विचारा. जीव नको म्हणत असेल तर त्यास एकटे सोडू नका, व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयी रात्रंदिवस फुकट सल्ला मिळतो. छळ होत असेल तर मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही आकडे चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

कापसावर बोंडअळी पडली तर आपण पानन् पान उलटून पाहतो. पोराकडेही तसेच रोज पाहावे, एवढीच आमची विनंती.