मोटारीची खरी किंमत



स्कूटरवर दाटीने बसून जाणारी कुटुंबे पाहून रतन टाटांना स्वस्त मोटारीची कल्पना सुचली. २००८ साली ‘लाखाची गाडी’ म्हणून नॅनो गाजली. आमच्या घरीही उत्साह होता. पण मी हिशेबाची वही उघडली. लाखावर कर, नोंदणी, विमा, कर्जाचे व्याज. शिवाय दरमहा पेट्रोल! बेत लांबणीवर पडला.

पुढे २०१४ च्या ग्लोबल एनकॅप टक्कर-चाचणीत नॅनोला सुरक्षिततेचा एकही तारा मिळाला नाही. माझ्या वहीत हा रकानाच नव्हता!

म्हणून सांगते, गाडी घेताना पाच वर्षांचा खर्च मांडा; पण त्याआधी विचारा, मुलेबाळे हिच्यात सुखरूप राहतील ना?