वाघाची गोष्ट आणि बोटीतले बाकीचे

(अभ्यासवर्गात ‘लाइफ ऑफ पाय’ दाखवल्यावर झालेल्या चर्चेतलं भाषण. बोललं तसंच छापलंय.)



दिवे लागले तेव्हा मी पडद्याकडे बघत नव्हतो, तुमच्याकडे बघत होतो. दोघं-तिघं डोळे पुसत होते. मागनं एक आवाज आला, “च्यायला, काय फोटोग्राफी आहे!” त्याच्या शेजारचा म्हणाला, “देवाचं लफडं घातलं नसतं तर एक नंबर पिक्चर होता.” आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं मला सरळ विचारलं, “पण खरं काय झालं?”

मला वाटतं, हा पिक्चर जिथं जिथं लागला तिथं लोक या तीन गोष्टीच बोलत बाहेर पडले. २०१२ च्या नोव्हेंबरात मी तो मल्टिप्लेक्समध्ये बघितला. नाकावर तो थ्रीडीचा चष्मा, शेजारी एक कुटुंब. देवमासा उजेडाच्या पाण्यातून वर आला तेव्हा त्यातल्या बाईंनी हात जोडले. खरंच जोडले. मी फिस्सकन हसलो. बाहेर येऊन दोस्तांना म्हणालो, तीनशे रुपयांत दर्शन, प्रसादाला पॉपकॉर्न, नवी बुवाबाजी आहे ही. सगळे हसले. त्या हसण्याबद्दल नंतर बोलतो.

आधी व्यवहार सांगतो, कारण सौंदर्यालाही हिशेब असतो. यान मार्टेलची कादंबरी २००१ ची, तिला २००२ साली बुकर मिळालं. सिनेमा केला तैवानच्या आंग लीनं. खर्च सुमारे १२ कोटी डॉलर, जगभरची कमाई ६० कोटींच्या वर. ऑस्करला ११ नामांकनं, त्यातली ४ पदरात. समुद्र तुम्ही बघितलात तो समुद्र नव्हे. तैवानात ताइचुंगला एक बंद पडलेला विमानतळ होता, तिथं लाटा उठवणारी टाकी बांधली. पोरगा टाकीत, भोवती निळे पडदे, आणि वाघ बहुतेक वेळ नाहीच. काही थोडे शॉट खऱ्या वाघांचे, बाकीचा वाघ केसाकेसानं कॉम्प्युटरवर केलेला.

आता मुद्द्यावर येतो. पाय पटेल २२७ दिवस बोटीत असतो. मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागतो. जपानी कंपनीचे दोन विमेवाले साहेब दवाखान्यात येतात. तो त्यांना वाघाची गोष्ट सांगतो. त्यांना पटत नाही. मग तो दुसरी सांगतो. बोटीत झेब्रा, माकड, तरस नव्हते. पाय मोडलेला एक खलाशी होता, पायची आई होती, जहाजावरचा आचारी होता. आचाऱ्यानं खलाशाचं आमिष केलं आणि त्याला खाल्लं, मग आईला मारलं, आणि पोरानं आचाऱ्याला मारलं. म्हंजे वाघ कोण, तर पोरगा स्वतः. शेवटी मोठेपणीचा पाय, इरफान खान, लेखकाला विचारतो, तुला कुठली गोष्ट आवडली? लेखक म्हणतो, वाघाची. तो म्हणतो, देवाचंही असंच आहे.

थिएटर गहिवरतं. बराक ओबामांनी आपल्या मुलीबरोबर ते पुस्तक वाचलं आणि २०१० साली लेखकाला हातानं चिठ्ठी लिहिली, की आम्हां दोघांनाही प्राण्यांचीच गोष्ट जास्त आवडली, आणि या पुस्तकात देवाचा देखणा पुरावा आहे. अमेरिकेचा अध्यक्षसुद्धा वाघाच्या बाजूनं!

पण जरा बघा, निवड कशी करायला लावलीय. पहिल्या गोष्टीला सगळा समुद्र दिला. चमकणारं पाणी, उडणारे मासे, मांसाहारी बेट, त्याच्यावर हजारो मीरकॅट, सगळा पैसा तिच्यावर. दुसऱ्या गोष्टीला काय दिलं? दवाखान्याची खाट, पांढरी भिंत आणि पोराचं तोंड. एक चित्र नाही. आई मरते ते फक्त शब्दांत मरते. मग प्रेक्षकाला विचारायचं, तुला कुठली आवडली? एका ताटात पक्वान्न वाढायचं, दुसऱ्या ताटात नुसतं मीठ, आणि म्हणायचं, निवडीचं स्वातंत्र्य आहे तुला. आणि ‘खरं काय घडलं’ हा प्रश्न बदलून ‘आवडलं काय’ कधी झाला, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ते दोन साहेब तरी काय करतात? अहवालात वाघ लिहितात. पंचनामा असाच असतो हे तुमच्या-माझ्या वस्तीत कुणाला सांगायला नको. जबानी दोन असतात, कागदावर सोयीची एक जाते.

आता त्या खलाशाकडे या. पिक्चरमध्ये तो दोनच मिनिटं दिसतो, म्हणून बहुतेक प्रेक्षकांना आठवतही नाही. जहाजावर जेवणाच्या रांगेत पायची शाकाहारी आई आचाऱ्याशी वाद घालते, तेव्हा हा तरुण येऊन हसत सांगतो, की मी बौद्ध आहे, भाताबरोबर रस्सा तेवढा घेतो, रस्सा म्हंजे मांस नव्हे, चव आहे. थिएटरात हशा पिकतो. आज इथंही पिकला, मी ऐकला. पाय हिंदू आहे, ख्रिस्ती आहे, मुसलमानही आहे, तीन धर्म त्याच्या खिशात मावतात. बुद्धाचं नाव घेणारा जो एकच माणूस आहे, त्याला पिक्चर साधं नाव देत नाही. दोन्ही गोष्टींत पहिला मरतो तोच, एकीत झेब्रा म्हणून, दुसरीत माणूस म्हणून. मी यातून कट शोधत नाहीय. पण तीन धर्मांच्या त्या गोड मिलाफाबद्दल इतकं बोललं-लिहिलं गेलं आणि पहिलं मेलेल्या माणसाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, हे मला टोचतं.

आणि नाव म्हणाल तर वाघाचं बघा. रिचर्ड पार्कर. पिक्चरमध्ये कारकुनाच्या चुकीनं शिकाऱ्याचं नाव वाघाला चिकटतं आणि प्रेक्षक हसतात. खरा रिचर्ड पार्कर वेगळा होता. १८८४ साली ‘मिन्योनेट’ नावाची इंग्लिश नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. छोट्या होडीत चार जण राहिले. कप्तान डडली, स्टीफन्स, ब्रूक्स आणि रिचर्ड पार्कर नावाचा १७ वर्षांचा पोऱ्या. खायला सलगमाचे दोन डबे आणि एक कासव सापडलं तेवढं. पोऱ्या तहानेनं समुद्राचं पाणी प्याला, आजारी पडला. कप्तान आणि स्टीफन्सनं ठरवलं, आपल्याला बायकापोरं आहेत, हा अनाथ आहे, शिवाय मरायलाच टेकलाय. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. त्याला मारला आणि तिघांनी खाल्ला. काही दिवसांतच जर्मन जहाजानं त्यांना उचललं.

प्रेक्षकांची प्रतिक्रिया म्हणतो ना आपण? तेव्हाचीही ऐका. इंग्लंडमधली पब्लिक मारणाऱ्यांच्या बाजूनं होती. बिचारे काय करतील, समुद्रात आपणही तेच केलं असतं, असा सूर. कोर्टानं मात्र सांगितलं, की जगण्याची निकड हा खुनाला बचाव होत नाही. फाशी सुनावली, आणि मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली. कायद्याच्या कॉलेजात आजही हा खटला शिकवतात. मार्टेलनं नाव घेतलं ते हे सगळं माहीत असताना. म्हंजे ज्याला खाल्लं त्याचं नाव खाणाऱ्याला दिलं. लेखकानं एक खूण पेरून ठेवलीय, म्हणून मी त्याला सरसकट शिव्या घालत नाही. पण पिक्चर ती खूण उकरत नाही. प्रेक्षक घरी जातो तो वाघाचे डोळे घेऊन जातो.

ते डोळे कुणी केले तेही सांगून टाकतो. लॉस एंजेलिसची ‘रिदम अँड ह्यूज’ नावाची कंपनी, तिच्या शाखा आपल्या मुंबईत नि हैदराबादेतही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिनं दिवाळं काढलं. शेकडो लोक घरी बसले. त्याच महिन्यात, २४ तारखेला, त्यांच्याच वाघाला ऑस्कर. बाहेर रस्त्यावर शेकडो कारागीर फलक घेऊन उभे, आत त्यांचा प्रमुख बिल वेस्टनहॉफर बाहुली हातात घेऊन बोलतोय. कंपनीच्या अडचणीवर आला तसं मागनं ‘जॉज’ या शार्कच्या पिक्चरचं संगीत वाजवलं आणि माइक बंद केला. आंग लीनं आपल्या भाषणात सिनेमाच्या देवाचे आभार मानले, तीन हजार सहकाऱ्यांचेही घाऊक मानले. वाघ घडवणाऱ्यांचं नाव घेतलं नाही. या धंद्याची रीतच अशी, की काम ठरलेल्या रकमेत घ्यायचं आणि डायरेक्टरनं पन्नासदा बदल सांगितले तरी पन्नासदा करायचे. माझा एक दोस्त असल्याच एका स्टुडिओत रात्रपाळीला चित्रातली माणसं कडेकडेनं कापून काढायचं काम करतो. त्याला हा पिक्चर कसा वाटला विचारलं. म्हणाला, “ओल्या केसांचं काम बघितलंस? कुणीतरी महिनोन्‌महिने झोपलेलं नाही.” ही चौथी प्रतिक्रिया. कुठल्या परीक्षणात मी ती वाचलेली नाही.

इथं थांबलो असतो तर भाषण झकास झालं असतं. पण ते माझं २०१२ चं हसणं राहिलंय.

मागे टीव्हीवर हा पिक्चर हिंदीत लागला होता. आई बघत बसली. तिची प्रतिक्रिया आधी मस्त चालली होती. पोरानं मासा मारला आणि रडायला लागला, तर म्हणाली, “आता माशासाठी रडतंय का?” देवमाशाला, “प्यायला पाणी न्हाई आन् रोषणाई बघा.” मी हसतोय. मग ती दवाखान्याची खाट आली. आईनं रिमोट घेऊन आवाज वाढवला. सगळं ऐकलं. जाहिरात लागली तरी काही बोलेना.

तुम्हांला सांगायला पाहिजे, की आमची आई ७२ च्या दुष्काळाची एक गोष्ट सांगते. लहानपणापासून ऐकतोय. ती दहा वर्षांची, आईबापाबरोबर खडी फोडायला जायची. तिची एक शेळी होती. सुकडी मिळायची त्यातली निम्मी ती शेळीला घालायची, रात्री तिला पोटाशी घेऊन झोपायची. मग एक दिवस शेळी उठलीच नाही. दरवेळी ही गोष्ट सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि आम्ही भावंडं चेष्टा करायचो, की माणसं मरत होती आणि हिला शेळीचं पडलंय.

पिक्चर संपल्यावर ती म्हणाली, “शेळी नव्हती रं आपल्याकडं.”

मी म्हटलं, “मग?”

“धाकटा व्हता.” आणि उठून पाणी भरायला गेली.

तेव्हा मागच्या रांगेतल्या मित्रा, देवाचं लफडं काढून टाक म्हणालास ते मला पटतं, आणि पटतानाच अडकायला होतं. पोरानं वाघ उभा केला म्हणून तो जगला असेल, तर तो वाघ त्याच्या हातातून हिसकणारा मी कोण? माझं भांडण त्या पोराशी नाही. दुसरी गोष्ट ऐकून घेतल्यावर ‘आम्हांला पहिलीच आवडली’ म्हणून समाधानानं घरी जाणाऱ्यांशी आहे. त्यांच्यात मीही होतो, शेळीच्या गोष्टीपुरता पन्नास वेळा होतो.

पुढच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं ‘खरं काय झालं’. मलाही विचारायचंय. त्या धाकट्याचं नाव मला अजून माहीत नाही. घरात त्याचा फोटो नाही, कागद नाही, आई एकटीच आहे ज्याला ते ठाऊक आहे, आणि तिचं वय होत चाललंय.

बस्स. कुणाला बोलायचंय त्यानं पुढं यावं, माइक चालू आहे.