गावची यात्रा आणि फडाची माणसे

(सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व प्राथमिक शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'ग्रामीण उत्सव आणि पंचायत' असा छापलेला आहे. हा विषय गुढीपाडव्यापासून शिमग्यापर्यंत पसरलेला आहे आणि मला दिलेला वेळ पाऊण तासाचा आहे. तेव्हा मी त्यातली एकच बाब घेणार आहे. चैत्र-वैशाखात पुणे, सातारा, सांगली, नगर, नाशिक या भागांत गावोगाव ग्रामदैवताची यात्रा भरते, आणि त्या यात्रेच्या रात्री तमाशाचा फड गावात येतो. फडाची ही माणसे आपल्या गावात एक दिवस आणि एक रात्र असतात. त्या चोवीस तासांत त्यांची व्यवस्था कोणाकडे असते, हा प्रश्न मला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

यात्रेचा काळ आपल्या पूर्वजांनी मोठ्या शहाणपणाने निवडला आहे. रब्बीची ज्वारी आणि गहू घरात आलेले असतात, हातात थोडा पैसा खुळखुळत असतो, आणि पेरणीपूर्व कामांची घाई अजून सुरू झालेली नसते. शेजारच्या दोन गावांच्या यात्रा सहसा एकाच दिवशी येत नाहीत. एका गावचे लोक दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जेवावयास जातात आणि आठ दिवसांनी तेच त्यांना परत जेवू घालतात. माहेरवाशिणी येतात, मुंबई-पुण्याला कामधंद्यासाठी गेलेली मंडळी येतात. पहाटे देवाला अभिषेक, दिवसा नैवेद्य आणि नवस, रात्री पालखीचा छबिना, शोभेचे दारूकाम, मग तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा, हा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. कुस्त्यांची सुरुवात लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीने होते आणि शेवटची कुस्ती मोठ्या इनामाची असते. बैलगाडा शर्यतीही आता पुन्हा होऊ लागल्या आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. पण शर्यतीचा विषय निघाला की सभेत दुसरे काही बोलता येत नाही, म्हणून मी तो येथेच सोडतो.

या सगळ्या खर्चासाठी घरटी वर्गणी काढली जाते. शासनाचे अनुदान नाही, सक्तीची वसुली नाही, तरीही गाव स्वतःहून पैसा गोळा करते आणि चार माणसांदेखत त्याचा हिशेब वाचते. पंचायतीच्या घरपट्टीची थकबाकी वर्षानुवर्षे राहते, पण यात्रेची वर्गणी राहत नाही, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वर्गणी देणाऱ्याला आपला पैसा कोठे गेला ते डोळ्यांनी दिसते, हे त्याचे कारण असावे.

या वर्गणीतील मोठा वाटा तमाशाच्या सुपारीवर खर्च होतो. पाडव्याच्या सुमारास गावचे पंच पुणे जिल्ह्यातील नारायणगावला जातात. तेथे फडमालकांच्या राहुट्या ओळीने लागलेल्या असतात. पंच एकेका राहुटीत बसतात, तारीख मोकळी आहे का विचारतात, घासाघीस करतात आणि इसार देऊन उठतात. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. त्यातही खरी कमाई यात्रांच्या या दीड-दोन महिन्यांतली. पावसाळ्यात घर चालावे म्हणून कलावंत मालकाकडून उचल घेतात आणि मालक ती सावकाराकडून आणतो. म्हणून यात्रेचा एक दिवस बुडाला तर त्याचा चटका पुढच्या श्रावणापर्यंत जातो. २०२० आणि २०२१ या लागोपाठ दोन वर्षी महासाथीमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा फडांवर काय प्रसंग आला असेल याची कल्पना यावरून करता येईल. याच साथीत २०२१ साली कांताबाई सातारकर गेल्या.

आता या पंचांची बोलणी काय होतात ते पाहा. रक्कम किती, नाचकाम करणाऱ्या किती, वग कोणता, विजेची रोषणाई कोणाची, हे सारे बोलले जाते. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. ती माणसे पाणी कोठले पिणार, आंघोळ कोठे करणार, बायका शौचाला कोठे जाणार, यांविषयी सहसा एक शब्द निघत नाही. आपल्या घरी दहा पाहुणे येणार असले तर घरची बाई दोन दिवस आधीपासून पाणी भरून ठेवते. गावाच्या पैशाने शंभर माणसे बोलावली जातात, पण त्यांच्यासाठी कोणी एक घागर भरून ठेवत नाही.

हे मी दुसऱ्यांवर ठपका ठेवण्यासाठी सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका गावी शिक्षक होतो. गावाचे नाव सांगत नाही. यात्रेच्या दिवशी दुपारी फडाचे दोन ट्रक शाळेच्या बाजूला येऊन थांबले. ऊन मी म्हणत होते. थोड्या वेळाने एक वयस्कर बाई माझ्या खोलीच्या दाराशी आली. तिच्या मागे एक मुलगी तान्हे मूल घेऊन उभी होती. "गुरुजी, पोरीला जरा सावली पायजे. शाळंचा एक खण उघडून देता का?" असे तिने विचारले. शाळेची किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. मी सांगितले, "वरिष्ठांची परवानगी लागते." ती काही बोलली नाही, मान हलवून परत गेली. त्या मुलीने दुपार ट्रकखालच्या सावलीत काढली. रात्री मी पुढच्या रांगेत बसून तमाशा पाहिला. तीच मुलगी गवळणीत उभी होती, आणि लोक टाळ्या वाजवीत होते, त्यांत मीही होतो. पुढे विस्तार अधिकारी झाल्यावर अनेक शाळांच्या किल्ल्या माझ्या शब्दावर उघडल्या, पण ती दुपार मनातून गेली नाही.

परवानगी खरोखरच लागते का, असे आपण विचाराल. शाळा उन्हाळी सुटीत असते किंवा सकाळची भरते. शाळा व्यवस्थापन समितीने एक ठराव केला आणि पंचायतीने स्वच्छतेची हमी लिहून दिली, तर एका रात्रीसाठी दोन खोल्या आणि मुलींचे स्वच्छतागृह उघडून देण्यात मला तरी अडचण दिसत नाही. ती अडचण आपण आणतो, आणि ती का आणतो तेही स्पष्ट बोलले पाहिजे. ढोलकीफडाच्या तमाशातील आणि संगीत बारीतील कलावंत बहुतांशी पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींतून आणि भटक्या जमातींतून आलेले आहेत. रात्री ज्यांच्या गणाला आपण हात जोडतो, त्यांना दिवसा ओसरीवर बोलावताना आपला हात आखडतो. पठ्ठे बापूराव मूळचे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी. त्यांनी जातीचा मान सोडून फडाची वाट धरली, म्हणून त्यांच्या घरच्या समाजाने त्यांना दूर केले. अखेरची वर्षे त्यांनी हलाखीत काढली आणि १९४५ साली ते वारले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. खेळ चालू असताना पडद्यामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात कौतुकाने सांगितली जाते. ती ऐकताना मला दरवेळी वाटते, त्या रात्री त्या गावात बाळंतिणीसाठी एक खोली नव्हती काय?

दुसरा मुद्दा वेळेचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारा वाजेपर्यंत सवलत देता येते, आणि हे दिवस जिल्ह्यात आधी जाहीर केले जातात. पण ते बहुधा गणेशोत्सव, नवरात्र अशा सर्वांच्या सणांना दिले जातात. आपल्या गावच्या भैरोबाची तिथी त्यांत कोठून येणार? नियम योग्यच आहे. आजारी माणसाला, परीक्षेच्या विद्यार्थ्याला झोप मिळालीच पाहिजे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या १९५३ पासून चालत आलेल्या संगीतोत्सवालाही रात्रभराच्या बैठका सोडून आपले वेळापत्रक बदलावे लागले. तेथे रसिक दुपारी येऊन बसू लागले. आपल्याकडे मात्र छबिना साडेआठला निघतो, दारूकाम साडेनऊपर्यंत चालते, सत्कार आणि नारळ उरकतात, आणि पावणेदहाला ढोलकीवर थाप पडते. गण, गवळण, बतावणी होते न होते तोच बंदोबस्तावरचा पोलीस घड्याळ दाखवू लागतो. वग, म्हणजे ज्यात कथा असते, अभिनय असतो, सोंगाड्याची हजरजबाबी असते, तो भाग तसाच राहून जातो. मग लोक म्हणतात, तमाशात आता काही राहिले नाही, त्यापेक्षा ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाचणारी मंडळी बोलवा. खेळ बंद पडला म्हणून पंच सुपारीचे पैसे कापतात ते निराळेच. उशीर गावाने करावयाचा आणि दंड मात्र फडाने भरावयाचा, हा कोणता न्याय?

याला उपाय अवघड नाही. सत्कार दुसऱ्या दिवशी आखाड्यात करावेत. छबिना सूर्यास्तालाच काढावा, किंवा तमाशा साडेसहाला सुरू करून छबिना त्यानंतर वाजंत्रीच्या गजराविना, नुसत्या टाळांवर न्यावा. देवाची त्याला हरकत असेल असे मला वाटत नाही. रात्री वग अपुरा राहिला तर तो हजेरीच्या वेळी सकाळी करता येईल. हजेरीला आज कोणी गंभीरपणे घेत नाही, पण दिवसाउजेडी देवळासमोर होणारा वग बायकामुलांना निर्धास्तपणे पाहता येईल, हा लाभ मोठा आहे.

बायकांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. या सभागृहात आज कितीतरी महिला सरपंच आहेत. आपल्यापैकी किती जणी गावच्या यात्रा समितीत आहेत? हात वर करा म्हणत नाही. यात्रेच्या परवानगीच्या अर्जावर सही सरपंचबाईंची आणि नारायणगावला जाणारे पंच मात्र सगळे पुरुष, असे चित्र मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. पंचांत दोन बाया असत्या तर स्वच्छतागृहाची गोष्ट बोलण्यात पहिल्या पाचांत आली असती.

पाणी आणि गर्दी यांविषयी थोडक्यात बोलतो, कारण ते आपण इतर व्याख्यानांत ऐकालच. यात्रेआधी विहिरीत आणि टाकीत टी.सी.एल. पावडर टाकणे, ओ.टी. परीक्षा करणे हे नोंदवहीपुरते राहू नये. आणि २५ जानेवारी २००५ विसरू नये. वाई तालुक्यातील मांढरदेवीला त्या दिवशी सुमारे तीनशे माणसे गेली. अरुंद चढ, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही अंगांना खेटून दुकाने, त्यात आग. आपल्या देवळाकडे जाणारी वाट यात्रेच्या दिवशी किती फूट मोकळी राहते, हे पंचायतीने टेप लावून मोजावे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने जत्रा, उत्सव व करमणूक यांवर कर बसविण्याचा अधिकार पंचायतीला दिला आहे. दुकानदारांकडून काही घ्यावयाचे असेल तर ते पावती देऊन घ्यावे आणि त्यातूनच दिवाबत्ती व सफाई करावी. सफाई म्हटली की संत गाडगेबाबांची आठवण येते. ते यात्रेच्या गावी दिवसा खराटा चालवीत आणि रात्री कीर्तन करीत. आपण मात्र दुसऱ्या दिवशी सफाई कामगाराची वाट पाहतो.

आता पावतीचा आणखी एक उपयोग सांगतो. तो कोणाच्या ध्यानात येत नाही. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना १९५४-५५ पासून आहे. तिच्यासाठी अर्ज करताना कलावंताला आपण दीर्घकाळ कला सादर केल्याचा पुरावा द्यावा लागतो. तुणतुणेवाला, झीलकरी, हलगीवाला यांनी उभे आयुष्य शेकडो गावांच्या यात्रांत घालविलेले असते, पण एकाही गावाने त्यांना कागद दिलेला नसतो. सारा व्यवहार फडमालकाशी, तोही तोंडी. म्हातारपणी तो माणूस कचेरीच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या हाती काही नसते. पंचायतीच्या शिक्क्याचे एक प्रमाणपत्र, त्यावर तारीख, फडाचे नाव आणि सोबतच्या यादीत प्रत्येक कलावंताचे नाव व काम, एवढे दिले तर गावाला खर्च कागदाचा आणि शाईचा. गुरुजींनी यादी सुवाच्य अक्षरात लिहावी आणि एक प्रत दप्तरी ठेवावी. मी ज्या तालुक्यात शेवटी होतो तेथे दोन गावांनी हे केले. पहिल्या वर्षी फडातील लोकांना त्याचे महत्त्व कळले नाही. कागद तसेच ट्रकमध्ये राहिले. दुसऱ्या वर्षी एक ढोलकीवाला गेल्या वर्षीचाही कागद मिळेल का म्हणून विचारीत आला.

आपल्या सोयीसाठी दोन तारखा सांगून ठेवतो. २६ जानेवारीची ग्रामसभा पाडव्याच्या आधी येते. पंचांनी नारायणगावला जाण्यापूर्वी या सभेत यात्रेचा विषय घ्यावा: समितीत कोण, सुपारीच्या कागदावर कोणत्या अटी, फडाचा मुक्काम कोठे, खेळ किती वाजता. १ मेच्या ग्रामसभेपर्यंत बहुतेक यात्रा उरकलेल्या असतात. तेव्हा हिशेब वाचावा. यात्रेचा निधी आणि पंचायतीचा निधी यांची वही मात्र एक करू नये, त्यातून लेखापरीक्षणात विनाकारण आक्षेप निघतात. शाळेच्या खोल्यांच्या ठरावाचा एक नमुना मी लिहून आणला आहे, तो बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी जाताना उतरवून घ्यावा. आणि आता कोणाला काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारावे.