तेरच्या लेकीने पाहिलेले रोम

2019 च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता धाकट्या मुलाकडे जर्मनीला गेलो होतो. परतण्यापूर्वी त्याने आमची शनिवार-रविवारची रोमची सहल ठरवून दिली. विमान, स्टेशनजवळची खोली, सगळी व्यवस्था त्याची. चालणे तेवढे आमच्याकडे होते, आणि दोन दिवसांत ते आम्ही भरपूर केले.

रोमची वर्णने आपण खूप वाचलेली असतात. मला सांगायचे आहे ते जरा वेगळे. माझी सासुरवाडी तेर. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवरचे, तेरणाकाठचे, गोरोबाकाकांचे तेर. या तेरचे जुने नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तकात तगरचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे, तिथून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला येते, असे तो सांगतो. भडोचहून जहाज तांबड्या समुद्रात, पुढे इजिप्त, आणि तिथून रोम. हे तगर म्हणजेच आपले तेर, हे फ्लीट या अभ्यासकाने 1901 मध्ये दाखवून दिले. तेव्हा सौभाग्यवती रोमला निघाली ती पाहुणी म्हणून नव्हे, जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी निघाल्यासारखी!

शनिवारी सकाळी कलोसियम. इसवी सन 80 मध्ये सुरू झालेले, पन्नासेक हजार माणसे बसतील एवढे रंगमंडळ. आत काय क्रूर खेळ चालत ते सर्वांना ठाऊक आहे. मला नवल वाटले ते दारांचे. तळाला ऐंशी कमानी, आणि त्यांतल्या शहात्तर कमानींवर आकडे कोरलेले. काही आकडे अजून वाचता येतात. ज्याने त्याने आपल्या आकड्याच्या दाराने आत जायचे. “अहो, नवरात्रात तुळजापूरला असे काही करता येईल का?” हिने विचारले. उत्तर माझ्याकडे नव्हते.

दुपारी पँथिऑन. त्या वर्षी आत जायला पैसे पडत नसत, 2023 पासून तिकीट आहे. त्रेचाळीस मीटर रुंदीचा घुमट आणि मधोमध मोठे गोल भोक. पाऊस सरळ आत पडतो, आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. आपल्या धाब्याच्या घराला झरोका ठेवतात, त्याचाच हा थोरला भाऊ.

पण हिचा जीव अडकला तो नळांत. रोमच्या रस्त्यारस्त्यावर लोखंडी खांबासारखे नळ आहेत, दोन हजारांहून अधिक. पाणी गार, पिण्याचे, फुकट, आणि रात्रंदिवस वाहते. हिने बाटली भरली आणि तोटी शोधू लागली. तोटीच नाही. “अहो, हे बंद कुठून करायचे?” ज्या बाईने आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्यासाठी रात्री जागून पिंपे भरली, तिला ते वाहते पाणी बघवेना. पुढे रस्ताभर ती प्रत्येक नळाकडे वळून पाहत होती. संध्याकाळी त्रेवीच्या कारंजाशी गेलो. त्या कारंजाला पाणी आणणारा मूळ कालवा इसवी सनापूर्वी 19 मध्ये बांधलेला, हे सांगितल्यावर ती बराच वेळ बोलली नाही.

त्या कारंजात लोक नाणी टाकतात. पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तक्रार केली होती, की हिंदुस्थानचा माल घेण्यापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, देशाबाहेर जातात. तेरला तर रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कल सापडली आहे, हौसेने गळ्यात घालायची. हिने पर्समधून एक सेंट काढला आणि म्हणाली, “हिशेबातले थोडे परत.”

रविवारी मुलाने आखून दिलेले एक चर्च गाळून आम्ही मेट्रोने पिरामिदे स्टेशनला उतरलो. तिथून थोडे चालले की टेस्टाच्चो नावाची टेकडी लागते. पस्तीसेक मीटर उंच, वेढा सुमारे एक किलोमीटर, आणि सगळी फुटक्या खापरांची! मुख्यतः स्पेनहून तेल घेऊन आलेले मातीचे रांजण. तेल मुरलेला रांजण पुन्हा कामाला येत नसे, म्हणून फोडून रचून ठेवायचे, वास मारू नये म्हणून वर चुना टाकायचा. पुष्कळ खापरांवर शाईने वजन आणि माल पाठवणाऱ्याचे नाव लिहिलेले आहे, आपल्या आडतीत पोत्यावर खूण करतात तसे. त्यावरून तेलाच्या व्यापाराचा इतिहास अभ्यासकांनी उभा केला. टेकडीला कुंपण आहे, वर जायला आधी परवानगी लागते. आम्ही पायथ्याच्या एका खानावळीत बसलो. तिची मागची भिंत काचेची, आणि काचेमागे खापरांचे थर.

हिने जेवण बाजूला ठेवले. “आमच्या पांढरीवर अशीच खापरं निघायची,” ती सांगू लागली. “आम्ही त्यांच्या ठिकऱ्या करून खेळायचो. घरावर टाकायला लोक तिथलीच पांढरी माती गाड्या भरभरून न्यायचे.” त्या गाड्यांतून काय काय गेले असेल! पावसाने उघडे पडलेले मणी, मूर्ती, नाणी एकट्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवली, म्हणून आज तेरचे सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीपुढे जरूर थांबा. तशाच घडणीची एक मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईत, ज्वालामुखीच्या राखेखालून निघाली. ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. रोमहून तिकडे जाता येते, पण आमची संध्याकाळच्या विमानाची वेळ झाली होती.

विमानतळाच्या गाडीत ही गप्प होती. मग म्हणाली, “पोरांना घेऊन एकदा तेरला चार दिवस राहू. मी सगळं दाखवते.” दिवाळीत मुलगा आला तेव्हा आम्ही गेलो. त्रिविक्रमाच्या देवळामागची विटांची अर्धगोल भिंत तिने त्याला हात लावून दाखवली, आणि या विटा किती जुन्या असतील ते त्यालाच ओळखायला सांगितले.