सरांनी सांगितलेलं बेट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘रांजणगाव ते सॉफ्टवेअर : शून्यातून केलेला प्रवास’. तो मी परस्पर बदलला आहे. मी एका जुन्या इंग्रजी चित्रपटाबद्दल बोलणार आहे. माइक एकदा हातात आला की कोणी काढून घेत नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकते. शून्याकडेही येईन, पण जरा वेळाने.

चित्रपटाचं नाव ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’. गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आठवत नसेल तर खूण सांगते. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास, आणि इंग्रजीच्या सरांच्या हातात पुठ्ठा निघालेलं एक बारकं पुस्तक. वादळात जहाज खडकांवर आदळतं, खलाशी होड्या घेऊन पळून जातात, आईवडील आणि मुलं तेवढी मागे राहतात. पुस्तकातलं एक वाक्य इंग्रजीत वाचायचं आणि मग पंधरा मिनिटं मराठीत सांगत सुटायचं, अशी सरांची पद्धत होती. घंटा झाली तरी मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठायची नाहीत. पुढच्या शनिवारपर्यंत मधल्या सुट्टीत तेच बेट चालू असायचं.

ही गोष्ट मुळात अशीच जन्माला आली, हे मला फार उशिरा कळलं. योहान डेव्हिड वीस नावाचे बर्नचे एक धर्मोपदेशक होते. त्यांनी ती आपल्या चार मुलांसाठी रचली. त्यातल्याच एका मुलाने, योहान रुडॉल्फने, वडिलांची हस्तलिखितं नीट लावली आणि १८१२ साली झुरिकला पुस्तक निघालं. पुढे ज्याने त्याने आपापल्या भाषेत नेताना त्यात भर घातली, काटछाट केली. फ्रेंचमध्ये वेगळी, इंग्रजीत वेगळी. ज्यूल व्हर्नला तर ती इतकी आवडली की त्याने तिचा पुढचा भागच लिहिला.

चित्रपट मी पाहिला चाळिशीत, घरी, लेकीबरोबर. १९६०चा, डिस्नेचा, केन ॲनाकिन यांनी दिग्दर्शित केलेला. नेपोलियनच्या धामधुमीतून निघून न्यू गिनीला वस्ती करायला चाललेलं कुटुंब. चित्रण कॅरिबियनमधल्या टोबॅगो बेटावर झालं. झाडावरचं घर तिथल्या एका खऱ्या झाडावर बांधलं होतं, आणि ते झाड कोणतं? आपल्याकडे रस्त्याकडेला सावली धरून उभा असतो तो रेन ट्री! १९६३ साली फ्लोरा नावाचं चक्रीवादळ आलं आणि घर गेलं, झाड मात्र राहिलं.

त्या घराबद्दल थोडं बोलू द्या, इंजिनिअर आहे म्हणून. ओढ्यावर एक चाक आहे. ते प्रवाहाच्या जोराने फिरतं आणि पाणी वर चढवतं. पाणी बांबूच्या पन्हळीतून घरात येतं आणि मोठ्या शिंपल्याच्या बेसिनमध्ये पडतं. माझी लेक म्हणाली, “भारीच आहे.” मी काही बोलले नाही. ज्या गावाच्या नावातच रांजण आहे, तिथला रांजण रोज दोन हंडे डोक्यावर आणून भरलेल्या बाईला ते नुसतं ‘भारी’ वाटत नाही. मी तेवढा भाग मागे नेऊन तीनदा पाहिला.

आणि मग मला खटकलं. लेकीला विचारलं, “यातली मुलगी कुठे गेली?” ती म्हणाली, “कुठली मुलगी?” चित्रपटात तीन मुलगे आहेत. मुलगी येते ती बऱ्याच उशिरा, चाच्यांच्या तावडीतली, आणि तीही मुलाच्या वेषात. म्हटलं, चित्रपटवाल्यांनी गाळली असेल. पुस्तक मागवलं. त्यात चार मुलगे. एर्ना नाहीच.

आठवते का एर्ना? पुस्तकं वाचणारी, सामानाची यादी ठेवणारी, पाण्याची पन्हळ जिने काढली ती? आपल्या वर्गात निम्म्या मुली एर्ना होत्या. पुस्तकात तो अर्नेस्ट आहे.

गेल्या महिन्यात सरांना फोन करून विचारलं. सर आज इथे बसले आहेत, त्यांनी रागावू नये. ते म्हणाले, “अगं, पुस्तकात मुलगेच होते. पण वर्गात तुम्ही अठरा जणी बसला होतात.”

मी कौतुक करण्यापुरतं बोलत नाही. या गोष्टीचा आणखी एक चित्रपट आहे, १९४०चा, आर.के.ओ. कंपनीचा. सुरुवातीचं निवेदन ऑर्सन वेल्सच्या आवाजात आहे. त्यातल्या आईला बेट आवडत नाही. तिला लंडनचं घर हवं असतं, आणि ती तसं बोलून दाखवते. नवरा म्हणतो इथेच सुख आहे, आणि ती म्हणते मला परत जायचंय. डिस्नेने आपला चित्रपट काढताना या जुन्या चित्रपटाचे हक्कच विकत घेतले, आणि तो कित्येक वर्षं लोकांना पाहायलाच मिळेनासा झाला. नवीन चित्रपट वाईट नाही. माकडं आहेत, शहामृगांची शर्यत आहे, नारळाचे बॉम्ब आहेत, मुलं खूश होतात. पण एकाची गोष्ट मोठ्याने सांगायची म्हणून दुसरीची कपाटात गेली.

आता शून्याकडे येते.

या कुटुंबाने निर्जन बेटावर शून्यातून संसार उभा केला असं सगळे म्हणतात. चित्रपट नीट पाहा. किनाऱ्याला लागल्यावर ते पहिलं काम काय करतात? परत जहाजावर जातात. जनावरांना पिंपं बांधून पाण्यातून तरंगत आणतात. हत्यारं, दोरखंड, शिडाचं कापड, बंदुकीची दारू, सगळं त्या जहाजातलं. पुस्तकात तर आईजवळ एक पिशवी आहे. अडलं की ती त्यातून सुईदोरा काढते, बियाणं काढते. वस्ती करायला निघालेल्या लोकांचं भरलेलं जहाज शेजारी उभं होतं म्हणून ते जगले. पुढे पुस्तकात ते लोक रिकामं झालेलं जहाज सुरुंग लावून उडवून देतात आणि वाहून आलेली लाकडंही वापरतात. जहाज दिसेनासं झालं की उरतं ते फक्त घर आणि त्यांची हुशारी.

दहावीला गणितात माझ्या पुढे एक मुलगी होती. ती आज इथे आहे. तिला विचारूनच बोलते आहे. प्रमेय फळ्यावर लिहून होईपर्यंत तिची सिद्धता तयार असायची. मला सात गुण कमी होते. मी इंजिनिअर झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिचं लग्न झालं. आमच्या दोघींच्या कष्टात काही फरक नव्हता. माझे वडील एसटीत होते, महिन्याला पगार यायचा. तिच्याकडे पावसावरची चार एकर जमीन, दोन लहान भावंडं आणि अंथरुणाला खिळलेली आई. माझी मावशी पुण्यात कसब्यात दोन खोल्यांत राहायची आणि स्वतःची चार माणसं असताना तिने मला सहा वर्षं ठेवून घेतलं. वसतिगृहाचा खर्च घरच्यांना झेपला नसता, आणि परवानगीही मिळाली नसती. मावशीच्या त्या दोन खोल्या म्हणजे माझं जहाज. माझ्या मैत्रिणीच्या किनाऱ्यावर जहाज नव्हतं. तरी तिने तिचं बेट उभं केलं. एमआयडीसीतल्या कामगारांसाठी तिची खानावळ आहे, रोज साठ डबे जातात, आणि हिशेब अजून तोंडी असतो. आजच्या जेवणाचा हिशेबही तिनेच बसवला, संयोजकांचा अंदाज चाळीस पानांनी चुकला होता.

आमच्या धंद्यात कोणी शून्यापासून काही लिहीत नाही. दुसऱ्याने लिहून मोकळा ठेवलेला कोड घेतो आणि त्यावर आपला इमला चढवतो. पण अशा बहुतेक कोडला एक अट असते. ज्याचा कोड वापरला त्याचं नाव फाइलमधून पुसायचं नाही. ही अट मला फार आवडते. म्हणून स्मरणिकेत माझ्या नावापुढे कंपनी आणि हुद्दा छापण्याऐवजी एवढंच छापा, अशी विनंती केली आहे: मावशीच्या दोन खोल्या, वडिलांचा पगार, सकाळची शिरूर-पुणे एसटी, आजी, जिने “मुलीला एवढं कशाला” म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा न देता वाटेला लावलं, आणि एर्ना.

एक राहिलंच. शेवटी बेटावर जहाज येतं तेव्हा कोण जातं आणि कोण राहतं? पुस्तकात दोन मुलगे युरोपला जातात. डिस्नेच्या चित्रपटात मधला, म्हणजे आपला अर्नेस्ट, शिकायला जातो. सरांनी काय सांगितलं होतं यावर काल व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री एकपर्यंत भांडण चाललं होतं. मला पक्कं आठवतं, एर्ना जहाजात बसली. माझी मैत्रीण म्हणते, छे, ती राहिली, पन्हळीची दुरुस्ती कोण करणार होतं? सरांना विचारलं, तर ते म्हणतात, “मला आठवत नाही.” माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

जेवणानंतर कॉम्प्युटरच्या खोलीत १९६०चा चित्रपट लावणार आहोत. दोन तास सहा मिनिटांचा आहे. ज्यांना शिरूरची गाडी पकडायची आहे त्यांनी निदान पन्हळीपर्यंत तरी थांबावं, ती पहिल्या अर्ध्या भागातच येते. लहान मुलांना पुढे बसू द्या.