मूल हा संसाराचा जामीन नव्हे



जोयड्यात भरलेल्या वकिलांच्या या मेळाव्यात मला अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवलंत. कौटुंबिक कायद्यातल्या घडामोडींचा आढावा घ्यावा, असं संयोजकांनी सुचवलं होतं. तो छापील टिपणात आहे, सवडीनं वाचा. मला बोलायचं आहे ते एकाच वाक्याबद्दल. माहेरच्या ओसरीवर, पंचांच्या बैठकीत आणि आपल्या कचेऱ्यांतसुद्धा ते सर्रास ऐकू येतं: ‘एक मूल होऊ दे, मग सगळं सुरळीत होईल.’ कितीतरी वर्षं हे वाक्य मला छळतं आहे.

कुंभारवाड्याकडची एक मुलगी लग्नानंतर लवकरच वडिलांबरोबर माझ्याकडे आली. नवरा गोव्यात कामाला. घरी आला की मारायचा. जाणत्यांनी हेच वाक्य ऐकवून तिला परत नांदायला धाडलं. मुलगी झाली. मग दुसरीही मुलगीच. पुढे ती पुन्हा आली, तेव्हा एक कडेवर होती, एक बोट धरून. घटस्फोटाचा अर्ज कुणीच केलेला नव्हता. नवरा फक्त यायचा बंद झाला होता. पोटगीच्या अर्जावर सही करता करता तिनं विचारलं, ‘वकीलबाई, थोरलीच्या शाळेच्या फॉर्मवर बापाची सही कुठून आणू?’

या बाईचा संसार टिकला, असं म्हणायचं का? घटस्फोटाच्या आकड्यात ती कुठेच नाही. 2011च्या जनगणनेत देशात घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख. घटस्फोट न घेता विभक्त राहणारे त्यांच्या अडीचपटीहून अधिक. संगमनेरच्या अॅड. निशा शिवूरकर ज्यांच्यासाठी आयुष्यभर लढल्या, त्या टाकलेल्या बायका यातच आहेत.

मूल असलं की घटस्फोट कमी होतात, हे परदेशी अभ्यासही सांगतात, असं काल एका सहकाऱ्यांनी मांडलं. ते अभ्यास शेवटपर्यंत वाचावेत. वेट आणि लिलार्ड या संशोधकांनी 1991 साली अमेरिकेबद्दल दाखवलं की पहिलं मूल शाळेत जाईपर्यंतच लग्नाला धरून ठेवतं; मुलं मोठी झाली की मोडण्याची शक्यता उलट वाढते. आणि भारताबद्दल बोस आणि साउथ यांनी 2003 मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून काढलेला निष्कर्ष असा की, मुलगा असलेल्या बाईचं लग्न मोडण्याचा धोका कमी असतो. ओसरीवरच्या त्या वाक्यातलं ‘मूल’ म्हणजे मुलगाच. कुंभारवाड्याच्या त्या मुलीला हे सांगायला सर्वेक्षण लागलं नाही.

परस्परसंमतीनं घटस्फोटाच्या अर्जात मुलं असतील तर सहा महिन्यांची मुदत माफच करू नये, असाही सूर इथे निघाला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या अमरदीप सिंग निकालानं ती माफ करण्याची मुभा दिली आहे, पण पोटगी आणि मुलांचा ताबा यांचा खरा निवाडा झालेला असेल तरच. माझ्या एका खटल्यात सगळं ठरलेलं असताना ते सहा महिने तसेच जाऊ दिले गेले. तेवढ्यात दोन्ही घरं पुन्हा भांडली आणि दुसरीतला मुलगा कधी या आजीकडे, कधी त्या आजीकडे फिरत राहिला. त्याची शाळा बुडाली. मुलाच्या भल्यासाठी म्हणून ठेवलेली मुदत त्या मुलानंच भोगली. माझ्यापुरता हा वाद तिथेच संपला.

डिग्गी-उळवीसारख्या लांबच्या गावातल्या बाईचा कोर्टाच्या एका तारखेपायी अख्खा दिवस जातो, हेही विसरू नका. निदान वकिलाचा खर्च तरी वाचू शकतो: 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. हे अंगणवाड्यांपर्यंत पोचवायला हवं. कसं, ते आपल्या कार्यकारिणीनं ठरवावं. मी बरोबर आहेच.

एवढं मात्र आजच कबूल करा. अशी मुलगी बापाबरोबर कचेरीत आली, तर तिला मूल होऊ दे म्हणून परत धाडू नका. 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा घटस्फोटाशिवायही तिला संरक्षण देतो. तिला बसवा, मारहाणीच्या तारखा लिहून घ्या आणि त्याच दिवशी अर्ज तयार करा.