अमेरिकेकडे आपण कसे पाहावे?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान नाही. शाळा सुटली ती दहावीला. पुढचं शिक्षण झालं ते गिरणीच्या पाळ्यांमध्ये आणि वाचनालयाच्या बाकावर. समितीने बोलायला सांगितले तेव्हा विषय आम्हीच निवडला. अमेरिकेसारखा लांबचा विषय विहारात कशाला, असे काहींना वाटले असेल. त्याचे कारण पहिल्यांदा सांगतो.

काही वर्षांपूर्वी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेल्या एक पाहुण्या बाई आपल्या विहारात आल्या होत्या. पेशाने शिक्षिका. अमेरिकेतून पाहुणे येणार म्हणून आम्ही सगळी तयारी केली होती. खुर्च्या पुसल्या, हार आणला, पोरांना 'वेलकम' म्हणायला शिकवलं. गाडीतून उतरल्या त्या बाई काळ्या होत्या. आपल्यापेक्षाही काळ्या. आमच्यातला एकजण मागून हळूच म्हणाला, "ही कसली अमेरिकन? ही तर हबशी दिसते." दोघं-तिघं हसले. खोटं कशाला बोला, आम्हालाही हसू आलं.

भाषा कळली नसली तरी हसण्याचा अर्थ बाईंना कळला असावा. पण त्या काही बोलल्या नाहीत. चहा घेताना त्यांनी दुभाष्यामार्फत विचारले, "तुम्ही काय काम करता?" आम्ही म्हटले, कापड गिरणीत होतो. तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या आजीच्या गावीही कापड गिरणी होती. पण आजीला तिथे फक्त लादी पुसायचं काम मिळालं. मशीनला हात लावायची परवानगी नव्हती."

बंधू-भगिनींनो, हे ऐकून आमच्या हातातला कप तसाच राहिला. कारण मुंबईच्या साचा खात्याची कथा आमच्या आजोबांनी आम्हाला अगदी याच शब्दांत सांगितली होती. त्या दिवसापासून अमेरिका म्हणजे नक्की कोण, याचा शोध आम्ही सुरू केला.

आपल्या मनात अमेरिका दोन रूपांत असते. एक मोर्च्यातली. लाल बावट्याखाली असताना आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो आहोत, "अमेरिकन साम्राज्यवाद, मुर्दाबाद!" दुसरी अमेरिका घरातली. मुलगा इंजिनियर झाला की आईच्या डोळ्यांपुढे व्हिसा, डॉलर आणि उंच इमारती येतात. सकाळी मुर्दाबाद आणि संध्याकाळी पोराच्या पासपोर्टसाठी धावपळ, असे आमच्यासारखे पुष्कळ आहेत. या दोन्ही रूपांत मात्र त्या बाईंच्या आजीला जागा नाही. राक्षस म्हणणाराही तिला बघत नाही आणि स्वर्ग म्हणणाराही बघत नाही.

आता आपल्या थोरांनी अमेरिकेकडे कसे पाहिले ते बघू.

महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. का? तर त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य व स्वार्थत्याग दाखवला म्हणून. निग्रो हा त्या काळचा शब्द, आज तो कोणी वापरू नये. तिथले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चालले. युद्धाच्या आधी त्या देशात सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामी कायद्याने संपली. आठ वर्षांच्या आत पुण्यातला एक माणूस, जो कधी अमेरिकेला गेला नाही, त्यांना पुस्तक अर्पण करतो आणि माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, अशी आशा धरतो. केवढी दूरदृष्टी!

पण पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्र सरकारचे सैन्य काढून घेतले आणि पुढच्या काळात काळ्यांचा मताचा हक्क, शाळा, गाडीतली जागा, सगळं एकेक करून हिरावून घेतलं गेलं. मग जोतिराव चुकले का? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांनी त्या देशाचे उत्तम काम पाहिले आणि ते आपल्या लोकांपुढे आरशासारखे धरले. ते काम तिथे अर्धेच राहिले, हा दोष आरसा धरणाऱ्याचा नाही.

दुसरे उदाहरण आमच्या धंद्यातले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत जायचा. युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि कापूस थांबला. गिरण्या बंद पडल्या. लाखो लोकांची उपासमार झाली. त्याच वेळी इकडे मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले. व्यापारी रातोरात कोट्यधीश झाले, आणि १८६५ ला युद्ध संपताच कित्येकांचे दिवाळे निघाले. आपला आखूड धाग्याचा कापूस तिकडे 'सुरती' नावाने जायचा. सारखी तार तुटायची, म्हणून तिथले कामगार त्याला शिव्या घालायचे. रिंगवर उभे राहिलेल्या माणसाला ते दुःख वेगळं सांगायला नको. तार तुटली की सांधायची, आणि ती वेळ मजुरीतून जायची.

पोट जळत असताना त्या गोऱ्या कामगारांनी काय म्हणायला हवे होते? बंदरे उघडा, गुलाम गेले खड्ड्यात, आम्हाला कापूस द्या. तसं म्हणणारेही होते. पण ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिने अध्यक्ष लिंकनला पत्र पाठवले, की आमचा पाठिंबा गुलामांच्या मुक्तीला आहे. लिंकनने १९ जानेवारी १८६३ ला उत्तर पाठवून आभार मानले. आज मँचेस्टरमध्ये लिंकनचा पुतळा उभा आहे. मित्रांनो, आपल्या इकडे कामगार चळवळीत म्हणायचे, आधी पोटाचा प्रश्न, जातीचं नंतर बघू. त्यांना ही मँचेस्टरची गोष्ट ऐकवावी. उपाशी माणसालाही दुसऱ्याची बेडी दिसू शकते.

आता त्या बाईंच्या आजीकडे येऊ. आम्ही वाचनालयात शोधले, शिकलेल्या मुलांकडून इंग्रजी समजून घेतले. अमेरिकेत साऊथ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. तिथे १९१५ साली खास कापड गिरण्यांसाठी कायदा झाला. गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी एका खोलीत काम करायचे नाही. एका वेळी एका दरवाजाने आत-बाहेर करायचे नाही. पगाराची खिडकी वेगळी. संडास वेगळे. इतकेच काय, पिण्याच्या पाण्याची बादली आणि पेलासुद्धा वेगळा! सूट कोणाला? लादी घासणाऱ्यांना आणि संडास साफ ठेवणाऱ्यांना. त्यांनी गोऱ्यांच्या खोलीत यायला हरकत नाही.

आपल्याकडे असा लेखी कायदा नव्हता. त्याची गरजच नव्हती, रूढी होती. साचा खात्यात कांडी बदलली की धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा घेणार? म्हणून चांगल्या पगाराचे ते खाते आपल्या माणसांना बंद. १९२८ च्या संपात हा प्रश्न बाबासाहेबांनी लावून धरला. पाणी आणि तोंड, बंधू-भगिनींनो! हजारो मैलांवरचे दोन देश, भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण माणसाला खाली ठेवायची युक्ती तीच.

आणि १९१५ साल म्हणजे कोणते, आठवते का? त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एम.ए. झाले. १९१३ ते १९१६ ते तिथे होते. एकाच देशात, एकाच वर्षी, उत्तरेच्या एका शहरात महाराचा मुलगा गोऱ्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने वाचनालयात बसत होता, आणि दक्षिणेत काळ्या माणसाच्या पाण्याची बादली कायद्याने वेगळी होत होती. दोन्ही खरे आहे. यातले एकच सांगणारा माणूस अर्धी अमेरिका सांगतो.

बाबासाहेबांनी दोन्ही पाहिले. विद्यापीठाचे ऋण ते कधी विसरले नाहीत. प्राध्यापक जॉन ड्युई यांचा त्यांच्या विचारावर मोठा प्रभाव होता. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथेच जातीसंस्थेवर निबंध वाचला. पण काळ्यांचा प्रश्नही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. पुढे त्यांनी गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून लेखन केले. १९४६ साली काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी दिलेल्या अर्जाची प्रत मागवली. ड्यु बॉइस यांचे उत्तरही आले. बाबासाहेबांना डॉलरचीही भुरळ नव्हती आणि आंधळा द्वेषही नव्हता. माझ्या लोकांच्या कामाचे इथे काय आहे आणि इथला माझ्यासारखा माणूस कुठे उभा आहे, एवढेच ते बघत होते.

बाहेरच्या माणसाची नजर कधी कधी तिथल्याच माणसाचे डोळे उघडते. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले होते. त्रिवेंद्रमला दलित मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली, हे अमेरिकेतले आपले अस्पृश्य बांधव. किंग यांना आधी धक्का बसला, जरा रागही आला. मग त्यांनी विचार केला, आपली कोट्यवधी माणसे अजून गरिबीत कोंडलेली आहेत, आणि मनाशी कबूल केले, होय, मी अस्पृश्यच आहे. ही गोष्ट त्यांनी स्वतः १९६५ च्या प्रवचनात सांगितली. आपल्याच शाळेतल्या एका शिक्षकाने जगातल्या एवढ्या मोठ्या माणसाला त्याचा देश नव्याने दाखवला!

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतल्या गिरण्यांत काळे कामगार मोठ्या संख्येने मशीनवर आले. लढून दार उघडले. आणि मग? उत्तर कॅरोलिनातल्या कॅनापोलिस गावची प्रचंड गिरणी ३० जुलै २००३ ला बंद पडली. त्या राज्यातले चार हजारांहून अधिक कामगार एका दिवसात रस्त्यावर आले, गोरे आणि काळे दोन्ही. चिमण्या पाडल्या. त्या जागी संशोधनाच्या चकचकीत इमारती उभ्या राहिल्या. गिरणगावच्या माणसाला हे ओळखीचे वाटते ना? १९८२ च्या संपात आमचे वडील घरी बसले तेव्हा आम्ही शाळकरी होतो. पुढे आम्ही बदली म्हणून लागलो, कायम झालो, आणि एक दिवस आमच्याही गेटला टाळे लागले. ज्या अमेरिकेला आम्ही मुर्दाबाद म्हणत होतो, तिच्यात आमच्यासारखाच रिकाम्या डब्याचा कामगार होता. त्याच्याविषयी आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

आता शेवटचा मुद्दा, तरुणांसाठी. आमच्या भाचीचा मुलगा तिकडे शिकायला गेला. त्याचा फोन आला. आम्ही विचारले, "कसे आहेत रे लोक?" तो म्हणाला, "आजोबा, गोऱ्या प्राध्यापकानं माझी जात विचारली नाही, त्याला ती कळतही नाही. विचारली आपल्याच देशाच्या पोरानं, खोली भाड्यानं घेताना. आधी आडनाव, मग गाव, मग वडील काय करतात. आणि अजून एक सांगू? माझ्या काळ्या मित्रासोबत दुकानात गेलो की पहारेकरी त्याच्या मागं मागं फिरतो. मी एकटा गेलो तर कोणी फिरत नाही."

पोराने दोन वाक्यांत दोन देश सांगितले. आपल्या लोकांनी सामानाबरोबर जातही विमानात चढवली. म्हणून तर २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घालणारा ठराव कायद्याच्या स्वरूपात केला. अमेरिकेतले असे ते पहिलेच शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते नाकारले, आधीचे कायदे पुरेसे आहेत म्हणून. लढाई अर्धी आहे. तिकडे जाणाऱ्या मुलांनी ती लक्षात ठेवावी. आडनाव लपवू नका. आणि तुमच्या काळ्या मित्रामागे पहारेकरी फिरत असेल, तर "माझ्यामागे नाही ना" म्हणून पुढे जाऊ नका. मँचेस्टरचे कामगार आठवा.

तेव्हा अमेरिकेकडे कसे पाहावे? आमचे साधे म्हणणे असे : कोणताही देश बघायचा तर त्याच्या दिवाणखान्यातून बघू नका, लादी पुसणाऱ्याच्या जागेवरून बघा. तिथून वाईट दिसते तसे चांगलेही दिसते. कारण त्या देशात जे काही चांगले घडले, ते बहुतेक अशाच माणसांनी भांडून घडवले आहे. तथागतांनी कालामांना सांगितले, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. अमेरिकेबाबतही तेच करा.

आणि त्या शिक्षिका बाई. त्यांना आम्ही पुढे पत्र लिहिले, मुलांकडून इंग्रजी करून घेतले. त्यात लिहिले की त्या दिवशी आम्ही हसलो होतो, का हसलो होतो, आणि त्याची आम्हाला लाज वाटते. सातशे वेळा समतेचे नाव घेणाऱ्या आमच्या तोंडातून ते हसू आले होते. त्यांचे उत्तर आले. त्यांनी लिहिले की पुढच्या वेळी येईन तेव्हा आजीचा फोटो घेऊन येईन. त्या येतील तेव्हा हार तर आणूच. पण पोरांना आधी एवढे शिकवून ठेवू, की अमेरिकन म्हटले म्हणजे कोण.

जय भीम! जय भारत!